घर बदलण्याआधी

परळ-लालबागच्या चाळीतली खोली विकून टिटवाळ्याला आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. ऐसपैस घर, गावातच महागणपतीचं देऊळ, जवळून वाहणारी काळू नदी, ही झाली जमेची बाजू. नावे बाजूला मुंबईपासूनचे 60 हून जास्त किलोमीटर. कल्याण, शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा स्टेशन. पण पहाटेच्या लोकलसाठी डबा भरायला जी उठते, तिची झोप या हिशेबात कोणी धरत नाही. म्हणून घर बदलताना नुसता चौरस फुटाचा भाव काढू नका. कोणाचा किती वेळ जाणार, कोणाची माणसं तुटणार, हे घरात प्रत्येकाला विचारा, आजी-आजोबांनाही. सगळ्यांच्या होकाराने थाटलेलं बिऱ्हाड लवकर स्थिरावतं.