लोखंडाचा जीर्णोद्धार

ज्या वस्तूचा उपयोग संपला आहे, तिच्यावर मनुष्यानें पैसा आणि श्रम खर्च करावे कीं नाहीं, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर देऊं लागलें म्हणजे आपल्या पुष्कळशा समजुतींची परीक्षा होते. रोह्यास राहणारे आमचे एक स्नेही नोकरींतून निवृत्त झाल्यापासून शेतीचे जुने ट्रॅक्टर विकत घेतात, खोलतात, दुरुस्त करून चालते करतात आणि अंगणांत उभे करून ठेवतात. घरची शेती म्हणावी तर भाताचे दोन तुकडे. त्यांची चिखलणीहि भाड्याच्या पॉवर टिलरनें होते. हें वेड कीं साधना, असें आम्हीं त्यांना थट्टेनें अनेकदां विचारलें आहे. गेल्या वर्षीं मात्र असा प्रसंग घडला कीं ती थट्टा आमच्या तोंडांतच राहिली.

त्या वेळीं त्यांनीं पेणच्या खारेपाटांतून बी-२७५ जातीचा एक ट्रॅक्टर आणला होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्यानें महिंद्रांनीं १९६३ सालीं ट्रॅक्टरांचा उद्योग काढला, आणि मुंबईच्या कांदिवलींतून निघालेलें हें यंत्र शेतकऱ्यांच्या एका पिढीच्या ओळखीचें झालें. आमच्या स्नेह्यांस मिळालेला नग भंगारवाल्याच्या दारीं जाण्याच्या बेतांत होता, म्हणून त्यांनीं तो लोखंडाच्या वजनाच्या भावानेंच घेतला. खाऱ्या हवेनें पत्रा खाल्ला होता; इंजिन जाम झालें होतें. सिलिंडरांत डिझेल ओतून तें आठ-दहा दिवस मुरूं द्यावयाचें, मग फ्लायव्हील हातानें तसूतसूनें फिरवून पाहावयाचें. पिस्टन सुटले कीं लायनर बदलावयाचे, व्हॉल्व्ह घासून बसवावयाचे, डिझेल पंप तपासून घ्यावयाचा. असे सात महिने गेले.

उपयुक्ततावादी म्हणेल कीं एवढ्या पैशांत एखाद्या गरीब विद्यार्थ्याची फी भरली असती. हा आक्षेप आम्हांस खोटा वाटत नाहीं. पण तो सतारीवर, बागेवर आणि आमच्या पुस्तकांच्या कपाटावरहि तितकाच लागू पडतो. शिवाय जुन्या यंत्राशीं झगडण्यांत एक शील आहे. यंत्रास खुशामत कळत नाहीं, आणि वक्तृत्वानें तें सुरू होत नाहीं. चूक कोठें आहे हें शोधावेंच लागतें. तीस वर्षें वर्गांत बोलून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांस ही शिस्त हेवा करण्याजोगी वाटते. येथवर आमचा कौल स्नेह्यांच्या बाजूनें होता.

रंग वाळल्यावर त्यांनीं ट्रॅक्टरच्या मूळ मालकास, खारेपाटांतील त्या वृद्ध शेतकऱ्यास, मोठ्या हौसेनें बोलाविलें. आम्हीहि हजर होतों. यंत्र पहिल्या प्रयत्नासच सुरू झालें. म्हातारबाबांनीं तें सभोंवार फिरून पाहिलें, डाव्या मडगार्डवरून हात फिरविला आणि हळूच म्हटलें, “छान झालाय, साहेब. पण माझा ट्रॅक्टर कुठं गेला?”

त्या मडगार्डवर लोखंडी पट्टी जोडून त्यांनीं आपल्या धाकट्या मुलीस बसावयास जागा केली होती. क्लचच्या पेडलवर त्यांच्या अनवाणी पावलानें खळगा पडला होता. आमच्या स्नेह्यांनीं पट्टी कापून टाकली आणि खळगा भरून काढला. कारण कारखान्यांतून निघतांना तें तसें नव्हतें.

नागसेनानें मिलिंद राजास रथाचा दृष्टान्त देऊन सांगितलें कीं चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे. या सर्वांच्या आश्रयानें ‘रथ’ हें नांव मात्र चालतें. हा न्याय लावला तर पिस्टन बदलले, टायर बदलले, तरी ट्रॅक्टर तोच. पण म्हातारबाबांना या कोड्याशीं कर्तव्य नव्हतें. नांव राहिलें होतें, आकारहि राहिला होता. पुसलें गेलें होतें तें त्यांचें आयुष्य. कारखान्यानें यंत्र घडविलें हें खरें. परंतु त्यानंतर इतकीं वर्षें तें कोणीं घडविलें? आमच्या स्नेह्यांनीं कारखान्याचा मान राखला आणि शेतकऱ्याचा राखला नाहीं.

पेणच्या लोकांना हा भेद शिकवावयास नको. तेथील गणपतीच्या मूर्ति दूरदूरच्या गांवांस जातात. शाडूची मूर्ति घडविणारा कारागीर महिनोन्महिने खपतो, आणि आपलें काम पाण्यांत विरावयाचें आहे हें त्यास पहिल्यापासून माहीत असतें. आकार टिकलाच पाहिजे असा तेथें आग्रह नाहीं. पण विसर्जनापूर्वीं उत्तरपूजा होते; तिच्यावांचून मूर्ति जागची हलवीत नाहींत. म्हणजे वस्तु राखावी कीं सोडावी, एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. जिच्यांत कोणाचा जीव गुंतला होता, तिला हात लावण्यापूर्वीं त्याला विचारलें कीं नाहीं, हेंहि पाहावें लागतें.

त्या दिवशीं आमच्या स्नेह्यांनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. पुढें त्यांनीं भावांतील फरक म्हणून कांहीं रक्कम देऊं केली. म्हातारबाबांनीं ती घेतली, आणि जमल्यास ती पट्टी तेवढी परत बसवा, असें सांगितलें. कापलेली पट्टी केव्हांच भंगारांत गेली होती. नवी बसवितां आली असती. पण तिच्यावर कोणी बसलेलें नव्हतें.

छंद त्यांनीं सोडलेला नाहीं, आणि सोडावा असें आम्हीहि म्हणत नाहीं. आतां यंत्र खोलण्यापूर्वीं ते विकणाऱ्याच्या ओटीवर तासभर बसतात आणि कोणती खूण कशाची हें विचारून घेतात. मगच पाना हातीं धरतात. वाडवडिलांचें घर नवें करूं निघालेल्या आमच्या वाचकांनींहि एवढा तासभर काढावा, अशी आमची विनंति आहे. घरांतील वृद्धांस उंबऱ्यावरचा खळगा कोणाच्या पावलाचा, हें सांगतां येतें. आणि सांगणारीं माणसें नेहमींच राहतात असें नाहीं.