साक्ष कोणाची मानावी?

दिवाळीच्या फराळात अनारशाचा मान मोठा. तांदूळ भिजवा, कुटा, गूळ घालून पीठ मुरू द्या आणि मग खसखशीवर थापून तळा! पण याच खसखशीने डॉक्टरांनाही पेचात टाकले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ती अफूच्या बोंडातली. तिच्यात नशा नाही. परंतु बोंडातला चीक तिला थोडासा लागलेला असतो, आणि ती बरीच पोटात गेली तर लघवीच्या चाचणीत मॉर्फिन दिसू शकते. अमेरिकेत १९९८ साली नोकरदारांच्या तपासणीतली मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली, ती मुख्यतः तिच्यापायीच.

आता अशी कल्पना करा, की दौंडजवळ पुणे-सोलापूर रस्त्यावर एखादा ट्रकचालक अपघातात सापडला, किंवा शिरूरला (जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात) रांजणगावचा रात्रपाळीचा कामगार बेशुद्ध होऊन आला. पट्टी लघवीत बुडवली की काही मिनिटांत निकाल. पण ही पट्टी पदार्थ नेमका ओळखत नाही, त्याची ठेवण तेवढी पाहते. सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रिनसुद्धा तिला अँफेटामिन भासू शकते. उलट ट्रॅमाडॉल आणि फेंटॅनिल अफूच्या पट्टीवर बहुधा उमटतच नाहीत. सावाला धरायचे आणि चोराला सोडायचे, असा हा प्रकार!

समजा, हजारांत दहाच जण नशा करणारे आहेत आणि पट्टी शंभर निर्दोषांपैकी पाचांना दोषी ठरवते. म्हणजे दहा खऱ्यांबरोबर पन्नासएक निरपराध अडकले.

जाणता डॉक्टर पट्टीसाठी थांबत नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद दिसला, की तो नॅलोक्सोन देतो. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 'नशेत आहे, उतरेल' असे एकदा ठरले, की डोक्यातला रक्तस्राव किंवा रक्तातली उतरलेली साखर कोण शोधणार? आणि माणूस वाचला तरी कागद उरतोच. विमा अडतो, नोकरी जाते, मुलीच्या सोयरिकीत कुजबुज होते. खात्रीची तपासणी प्रयोगशाळेतून यायला दिवस लागतात. गावाला तेवढा धीर कुठला?

रोगी खोटे बोलतात, हे मला मान्य आहे. परंतु रोग्याला उलट प्रश्न विचारता येतो, त्याच्या बायकोला खिशातल्या गोळ्या दाखवायला सांगता येते. पट्टीला काय विचारणार? म्हणून केसपेपरवर 'नशेत' असे न लिहिता 'प्राथमिक चाचणी, खात्री बाकी' असे लिहावे आणि खाली चालू औषधांची नावे मांडावीत, एवढेच माझे मागणे आहे.