गृहस्थाचा अपरिग्रह

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोग्याची रहाणी सांगताना भगवंतांनी ‘अपरिग्रह’ हा शब्द योजिला आहे. योग्याने एकांतात एकटे राहावे, चित्त आवरावे, कशाची आशा धरू नये आणि संग्रह करू नये, असा त्या स्थळाचा भावार्थ. आपल्यातील कितीतरी गृहस्थ हे वाचून मान डोलावतात, पोथी मिटतात आणि सभोवार पाहतात. घर दोन खोल्यांचे. माळ्यावर ट्रंका, ट्रंकांवर गाद्यांच्या वळकट्या, फडताळात वडिलांचे ग्रंथ, पलंगाखाली पितळेचे घंगाळ आणि त्यात भरून ठेवलेल्या समया, भिंतीवर तीन पिढ्यांची छायाचित्रे, कोनाड्यात प्रत्येक यात्रेहून आणलेले काही ना काही. मग मनात येते की हा उपदेश अरण्यातील तपस्व्यांसाठी आहे. आपला त्याच्याशी संबंध नाही.

सहाव्या अध्यायातील वचन एकांतवासी योग्याला उद्देशून आहे, एवढे खरे. परंतु तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंत अनासक्तीचा उल्लेख करतात आणि पाठोपाठ पुत्र, पत्नी व घर यांची नावे घेतात. ज्याला घरच नाही, त्याला घराविषयी अलिप्त राहावयास शिकविण्याचे प्रयोजन काय? हे लक्षण गृहस्थालाच साधावयाचे आहे. तेथे ‘अनभिष्वंग’ असा शब्द आला आहे. भगवत्पूज्यपाद शंकराचार्यांनी भाष्यात त्याचे मर्म उलगडले आहे. अभिष्वंग ही आसक्तीचीच एक तऱ्हा. तिच्यात मनुष्य दुसऱ्याशी इतका एकरूप होतो की त्याचे सुख-दुःख, त्याचे जगणे-मरणे हे माझेच, असे त्याला वाटू लागते. आचार्यांचे विवेचन माणसांविषयीच्या ममतेला धरून आहे. पण आपण ते वस्तूंनाही लावून पाहावे. मुरांब्याची चिनीमातीची बरणी मुलाच्या हातून फुटते आणि गृहिणीच्या तोंडून असा शब्द निघतो की मूल दिवसभर कोपऱ्यात बसून राहते. फुटली ती बरणी. पण दुखावला तो जीव कोणाचा, आणि कशापायी?

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अपरिग्रहाची व्याख्या करताना विषयांच्या ठायी पाच दोष दाखविले आहेत: ते मिळविण्याचा, राखण्याचा, क्षय होण्याचा, संगाचा आणि हिंसेचा. पहिले चार दोष ओळखावयास फारसे कष्ट पडत नाहीत. पितळ चिंचेने घासावे लागते, ग्रंथांना कसर लागते, रेशमी वस्त्रांच्या घड्या वर्षातून एकदा बदलाव्या लागतात नाही तर ती घडीवरच विरतात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. परंतु हिंसा? कपाटात निमूट पडलेली वस्तू कोणाची हिंसा करणार, असे आपण म्हणू. लहान घरात याचे उत्तर फार स्पष्ट दिसते. जेथे दिवाणखाना, माजघर आणि कोठीची खोली अशी सोय आहे, तेथे पन्नास वस्तू अधिक झाल्या तरी कोणाला धक्का लागत नाही. दोन खोल्यांत मात्र प्रत्येक वस्तू कोणाची तरी जागा घेते. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी जिन्यात जाऊन बसते, कारण टेबलावर शिवणाचे यंत्र आणि त्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे आहेत. वृद्ध वडिलांना रात्री उठताना ट्रंकेचा कोपरा लागतो. संग्रहातील हिंसा ती हीच, असे मला वाटते. वस्तू वाईट नसतात, त्यांच्यावरील प्रेमही वाईट नसते. पण माणसाची जागा वस्तूने घेतली की धर्माचे गणित चुकले.

येथे गृहस्थाला एक मोजमाप आयते मिळालेले आहे. पंचमहायज्ञांत अतिथीची पूजा हा नित्य यज्ञ आहे आणि स्वाध्याय हाही. तेव्हा घरात किती वस्तू असाव्यात याचा आकडा शास्त्राला विचारीत बसू नये. अवचित आलेल्या पाहुण्यासाठी एक पाट मांडता येतो का, देवापुढे मांडी घालून बसता येते का, मुलाला दिव्याखाली पुस्तक उघडता येते का, एवढे पाहावे. सुदामदेवाचे घर इतके रिते होते की द्वारकेस न्यावयाचे पोहेसुद्धा त्याच्या पत्नीने शेजारीपाजारी मागून चिंधीत बांधून दिले, असे भागवत सांगते. पण आपल्याला बोध घ्यावयाचा तो पुढच्या प्रसंगातून. द्वारकाधीशाच्या प्रासादात काय कमी वैभव होते! तरी त्या मळक्या वस्त्राच्या मित्राला बसावयास भगवंतांनी आपला स्वतःचा पलंग दिला. भरलेल्या घरातही जागा होते. कोणासाठी काय बाजूला सारावयाचे ते कळले पाहिजे.

याचा अर्थ गृहस्थाने काहीच साठवू नये असा कोणी करू नये. मनुस्मृतीने कोठारभर धान्य ठेवणारा, घडाभर ठेवणारा, तीन दिवसांपुरते ठेवणारा आणि उद्याचेही न ठेवणारा, असे गृहस्थाचे प्रकार मानले आहेत. उत्तरोत्तर श्रेष्ठ म्हटले, तरी पहिल्याला गृहस्थाश्रमातून बाहेर काढलेले नाही. ज्यांनी फाळणीत घर सोडले किंवा दुष्काळ पाहिला, त्यांच्या घरात आजही दोऱ्याचा तुकडा आणि रिकामा डबा टाकला जात नाही. त्या सवयीला हसणारा मनुष्य भाग्यवान खरा. पण त्याला शहाणा म्हणता येणार नाही.

मग प्रिय वस्तूंचा संग्रह धर्माला धरून कसा ठेवावा? याचे एक सुंदर उदाहरण दक्षिणेत आहे. नवरात्रात तमिळनाडूत घरोघर ‘गोलू’ मांडतात. कर्नाटकात आणि आंध्र-तेलंगणातही ही चाल आहे. विषम संख्येच्या पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडावयाच्या: दशावतार, रामपंचायतन, संतमंडळी, लग्नाची वरात, वाणी आणि त्याची वाणीण. लाकडी ‘मरप्पाची’ जोडी तर मुलीला लग्नात माहेराहून मिळते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालते. दरवर्षी एखादी नवी बाहुली आणण्याचीही रीत आहे. म्हणजे हा उघड उघड संग्रह आहे, आणि हौसेचा संग्रह आहे! परंतु त्याची शिस्त पाहा. तो नऊ दिवस सर्वांसाठी उघडा असतो. शेजारच्या बायकामुलींना बोलावून हळदकुंकू देतात, कडधान्याच्या उसळीचा प्रसाद वाटतात, गाणे म्हणावयास सांगतात. विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी निजवतात. त्यानंतर प्रत्येक बाहुली जुन्या मऊ कापडात गुंडाळून पेटीत जाते, पायऱ्या मोडतात आणि घर पूर्ववत होते. ज्या वस्तू मांडल्या जातात, दुसऱ्याला दाखविल्या जातात आणि पुन्हा आवरल्या जातात, त्या घराला भारभूत होत नाहीत. आपल्या संग्रहातील कोणती वस्तू गेल्या पाच वर्षांत एकदा तरी कोणाला प्रेमाने दाखविली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. नाणी, पोस्टाची तिकिटे, जुनी ग्रामोफोनची तबके, शंख, पत्रे, काहीही असो. जी वस्तू वर्षानुवर्षे अंधारात पडून आहे आणि जिच्या असण्याचा केवळ हिशेब मनात आहे, तिच्याविषयी सोळाव्या अध्यायातील चित्र आठवावे: आज हे मिळाले, उद्या ते मिळवीन, एवढे माझे आहे, तेवढेही होईल. भगवंतांनी ही मोजदाद आसुरी संपत्तीत घातली आहे. (मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे साठवून एकही पुन्हा न पाहणारे आपण सर्व याच मोजदादीत येतो, तेथे माळा भरत नाही एवढेच.)

सोडणे ही गोष्ट आपल्या नित्याच्या पूजेतच आहे, पण सवयीमुळे ती दिसत नाही. काल देवाला वाहिलेले फूल आज निर्माल्य होते. ते कितीही सुंदर असले तरी कोणी देव्हाऱ्यात साठवीत नाही. गणपतीची मूर्ती आपण वाजतगाजत आणतो आणि दीड दिवसाने, पाच दिवसांनी वा अनंतचतुर्दशीला डोळ्यांत पाणी आणून पोचवितो. बंगालमध्ये दुर्गेला तसेच निरोप देतात. एवढे असूनही त्याच देव्हाऱ्यात भंगलेल्या मूर्ती, तीन तीन सारख्या तसबिरी, विटलेल्या दिनदर्शिकांवरील देवांची चित्रे आणि गंगाजलाच्या गडूंची रांग साचत जाते, कारण देवाची वस्तू टाकावयाची कशी, ही भीती. टाकू नयेच. पण विसर्जन म्हणजे टाकणे नव्हे. मातीची मूर्ती घरीच बादलीत विरघळवून ते पाणी झाडाला घालता येते. धातूची मूर्ती कारागिराकडून आटवून तिचेच निरांजन करून घेता येते. धड असलेली जास्तीची तसबीर ज्याच्या घरी देव्हारा नवा मांडला जात आहे त्याला देता येते. कागदाची चित्रे नदीत सोडून नदी मळवू नये, एखाद्या वृक्षाच्या मुळाशी मातीत ठेवावीत. धार्मिक मासिकांच्या जुन्या अंकांचेही तेच. सुतळीने बांधून पलंगाखाली ठेवल्याने त्यांतील ज्ञान गादीतून वर येत नाही. वाचणारा शोधून त्याला द्यावेत.

आणि वस्त्रे? आजीच्या विरलेल्या लुगड्याची गोधडी होते. बंगालमध्ये जुन्या साड्यांचा कांथा शिवतात, बिहारमध्ये जुन्या कापडाच्या सुजनीत नवजात बालकाला गुंडाळतात. लुगडे गेले असे म्हणावे की राहिले असे म्हणावे? ज्या स्त्रियांनी एक टाकाही लेखणीने उतरविला नाही, त्यांनी हा वेदांत सुईने लिहून ठेविला आहे.

देण्याच्या नावाखाली मात्र एक फसवणूक होते, तिच्याविषयी सावध असावे. घर आवरावयास काढले की तुटकी खेळणी, फाटके सदरे, झाकण हरवलेले डबे यांचे गाठोडे बांधून ते मोलकरणीच्या हाती द्यावयाचे आणि वर दान केल्याचे समाधान मानावयाचे, ही रीत फार पसरली आहे. कठोपनिषदाचा आरंभ आठवावा. नचिकेताचा पिता यज्ञात गायी देत होता. पण ज्यांचे पाणी पिणे, गवत खाणे संपले, दूध आटले, अशा त्या गायी होत्या. ते पाहून त्या बालकाच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि त्याने बापाला विचारले, मग मला कोणाला देणार? जे आपल्या घरी अडगळ आहे ते दुसऱ्याच्या घरी जाऊन दान होत नाही. तिरस्काराने, मान न राखता दिलेल्या दानाला सतराव्या अध्यायाने तामस म्हटले आहे. धुऊन, शिवून, घडी घालून, समोरच्याला हवे की नको ते विचारून द्यावे. आणि ज्याचा खरोखर उपयोग संपला ते सरळ रद्दीवाल्याला अथवा भंगारवाल्याला घालावे, त्याला धर्माचे नाव देऊ नये.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. वस्तू सोडावयाची हे ठरले, पण कोणाची? तरुण मंडळी उत्साहाने घर आवरावयास निघतात तेव्हा त्यांचा हात बहुधा वडिलांच्या कागदांवर किंवा सासूबाईंच्या ट्रंकेवर आधी पडतो. स्वतःच्या चपलांचे सहा जोड जेथल्या तेथे राहतात! अपरिग्रह हे स्वतः घ्यावयाचे व्रत आहे. दुसऱ्यावर लादले की ते व्रत राहत नाही. तुकोबांनी घरच्या कर्जखतांपैकी निम्मी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याचीच इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरागत कथा आहे. एवढ्या थोर विरक्तानेही भावाच्या वाट्याला हात लावला नाही, हे त्या कथेतील बारीक कलम वाचताना आपल्या नजरेतून निसटते. सासूबाई बाजारात गेल्या असता त्यांची ट्रंक रिकामी करणाऱ्याने घर मोकळे केले असेल, पण एका वृद्ध जिवाच्या आयुष्याची साक्ष तिला न विचारता पुसून टाकली.

उलट बाजूनेही बोलले पाहिजे. राजर्षी भरताने चक्रवर्ती राज्य सहज टाकले आणि गंडकीच्या तीरी एका हरिणाच्या पाडसात तो असा गुंतला की अंतकाळी त्याला तेच आठवले व पुढचा जन्म हरिणाचा मिळाला. वयाबरोबर मोठ्या ममता सुटतात, लहान राहतात. एखादी चांदीची अत्तरदाणी, एखादे कुलूप, एखादी पेटी. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांनी आपले पाडस कोणते, ते आपणच ओळखावे. सुनेने वा मुलाने ते दाखवून देण्याची वाट पाहू नये.

एखाद्या सणाआधीची मोकळी दुपार यासाठी बरी. ट्रंक माळ्यावरून मुलाने उतरवावी, उघडावी मात्र आईने. सुनेने शेजारी बसावे, नातवंडांना बोलवावे. एकेक वस्तू बाहेर येऊ द्यावी आणि तिची हकिकत ऐकावी: हा शालू कोणत्या लग्नातला, ही वाटी कोणी दिली, या पत्रावरचे अक्षर कोणाचे. घाई करू नये; वस्तू टाकण्याच्या बोलीवर ऐकणे हे ऐकणे नव्हे. पुष्कळदा असे होते की हकिकत सांगून झाली, कोणीतरी ती मन लावून ऐकली, की वस्तूवरची मूठ आपोआप सैल होते. शालू नातीला जातो, वाटी देव्हाऱ्यात नैवेद्याला येते. जे आईला द्यावयाचे नसेल ते पुन्हा घडी घालून ट्रंकेत जावे, कुलूप लागावे, आणि किल्ली तिच्या कनवटीला राहावी.