गोठा नसलेल्याला हवामानाचा अंदाज

बदलापूरला राहणाऱ्या प्रत्येकाने एक दंतकथा ऐकलेली असते. शिवाजी महाराजांच्या काळात कोकणातून घाटावर जाणारे स्वार इथे थांबायचे, थकलेले घोडे बदलायचे, म्हणून हे बदलापूर. आज अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात घोडा दिसतो तो बहुतेक वरातीतला, पांढरा, डोक्यावर तुरा लावलेला. पण दिवाळी होऊन गेली की दुसरेही घोडे दिसतात. बुटके, मातकट रंगाचे, पाठीवर भांडी, गोधड्या, पिठाचं पोतं, कोंबड्यांची पाटी आणि कधीकधी सगळ्यात वर बसवलेलं लहान मूल. मागे मेंढरांचा कळप. बाइकवरून जाताना आपण हॉर्न वाजवतो, कळप बाजूला होतो, आपण पुढे जातो.

हे धनगर बहुतेक घाटावरून, पारनेर-संगमनेरच्या कोरड्या माळावरून येतात. तिथे पाऊस कमी, आणि पावसाळ्यात मेंढरांना तेच सोसतं. कोकणातला पावसाळा मेंढराला झेपत नाही, खूर कुजतात. पण पावसाळा संपला, भात कापून झालं की हिशोब उलटा होतो. वर माळावर चारा संपलेला असतो आणि खाली कोकणात रिकामी खाचरं, हिरवळ आणि पाणी. मग माळशेजसारख्या घाटांनी खाली उतरायचं, शेतकऱ्याच्या खाचरात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत द्यायचं, बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि उन्हाळा संपताना परत वर चढायचं. भटकणं म्हणतो आपण याला, पण हे पिढ्यांनी बसवलेलं वेळापत्रक आहे. त्याचा पाया एकच: कोकणात डिसेंबर कोरडा असतो.

२०२१ साली तो नव्हता. १ डिसेंबरला, बुधवारी, पाऊस सुरू झाला आणि गुरुवारपर्यंत पडत राहिला. मुंबईत चोवीस तासांत सुमारे ९० मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या ग्रुपवर भज्यांचे फोटो आणि 'पाऊस आहे की हिवाळा' छापाचे मीम फिरत होते. घाटावर जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागात त्याच पावसाने आणि सोबतच्या थंड वाऱ्याने हजाराहून जास्त मेंढ्या मेल्या. बातम्यांत एक शब्द सगळीकडे होता: अवकाळी.

त्या आठवड्याच्या शेवटी बारवीच्या रस्त्याला एका वाड्यावर मी बोलत उभा होतो. वाडा म्हणजे धनगरांचा मुक्काम: वाघरीच्या जाळीत मेंढरं, बाजूला चूल, दोन घोडी. एका घोडीचा पुढचा पाय सुजलेला होता. तिच्या मालकाने, पन्नाशीच्या माणसाने, आठवडा कसा गेला ते सांगितलं. मंगळवारी आभाळ भरलं. बुधवारी रात्री खाचरात पाणी साचायला लागलं, म्हणून अंधारात वाडा हलवायचं ठरलं. चिखलात एक घोडी घसरली आणि लंगडी झाली. राहिली एक. तिच्यावर एका खेपेत जाईल तेवढंच जाणार. पहिल्या खेपेत पोरं, पीठ आणि पांघरुणं गेली. चार-पाच दिवसांची अकरा कोकरं दुसऱ्या खेपेसाठी आईजवळ ठेवली. दुसरी खेप यायला पहाट झाली. अकरातली चार वाचली.

मी विचारलं, "मामा, पावसाचा मेसेज आला नव्हता का?"

"आला व्हता ना. पोराच्या मोबाइलवर. जनावरं गोठ्यात बांधा, असं लिहिलेलं. आता गोठा कुठून आणू, दादा?"

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या धंद्याची श्रद्धा अशी की माणसाचं नुकसान होतं ते माहिती न पोचल्यामुळे. माहिती पोचवा, अॅप बनवा, नोटिफिकेशन पाठवा, प्रश्न सुटेल. इथे माहिती वेळेत, मराठीत, अगदी खिशात पोचली होती. पोचली नव्हती ती जागा.

इथून मला खरा नैतिक प्रश्न दिसतो. जे करणं शक्यच नाही ते करायला सांगणारी सूचना म्हणजे नक्की काय? कांटच्या नावाने एक तत्त्व सांगितलं जातं: एखादी गोष्ट करणं हे तुझं कर्तव्य आहे असं म्हणायचं, तर ती तुला करता यायला हवी. गोठा नसलेल्याला 'गोठ्यात बांधा' सांगणं या परीक्षेत नापास होतं. पण ते निरुपयोगी आहे एवढ्यावर भागत नाही. ते एक काम करतं. ते जबाबदारी सरकवतं. आमच्याकडे एखादा पॉप-अप टाकतात, खाली 'मला मान्य आहे' असं बटण. पुढे डेटा गेला तर म्हणता येतं, आम्ही सांगितलं होतं. मेसेज जाण्याआधी मेलेलं कोकरू पावसाने मेलेलं असतं. मेसेज गेल्यानंतर ते मालकाच्या हलगर्जीपणाने मेल्यासारखं दिसायला लागतं. आभाळाकडची जबाबदारी सरकारकडे न थांबता सरळ त्याच्या अंगावर येते.

हा वाद जुना आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. व्होल्तेरने कवितेत विचारलं की या जगात सगळं चांगल्यासाठीच घडतं असं आता कोण म्हणेल? १७५६ मध्ये रूसोने त्याला पत्र लिहिलं. त्याचा मुद्दा असा की सहा-सात मजल्यांची हजारो घरं एका जागी दाटीने निसर्गाने बांधली नव्हती, आणि कित्येक माणसं कपडे, कागद, पैसे घ्यायला मागे फिरली म्हणून मेली. राजकीय विचारवंत जुडिथ श्क्लार यांनी १९९० मध्ये 'द फेसेस ऑफ इनजस्टिस' या पुस्तकात हाच धागा पुढे नेला: दुर्दैव कुठे संपतं आणि अन्याय कुठे सुरू होतो, ही रेघ बहुतेक वेळा आपणच ओढतो, आणि जिथे आपल्याला काही करायचं नसतं तिथे 'दुर्दैव' लिहून मोकळे होतो.

'अवकाळी' या शब्दाने तेच होतं. त्या शब्दात काळ चुकतो, माणूस कुणीच चुकत नाही.

आता नुकसानीचा तक्ता बघा. केंद्राच्या आपत्ती निवारणाच्या तेव्हाच्या निकषांत मेंढीमागे ३,००० रुपये होते आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० मेंढ्यांचे. म्हणजे तीस मेल्या काय नि साठ मेल्या काय, ९०,००० रुपये. घोडा मेला तर २५,०००, तट्टू मेलं तर १६,०००. वाड्यावरचं ते बुटकं जनावर घोडा की तट्टू, हे पंचनामा करणारा ठरवणार. आणि मेली तरच. लंगडी झालेल्या घोडीला या तक्त्यात ओळ नाही. ती 'ओढकामाच्या जनावरां'त मोडते, पण ती काही ओढत नाही. ती घर वाहते. ती बसली की घर बसतं. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही एज केस म्हणतो, म्हणजे क्वचित येणारी, नंतर बघू अशी परिस्थिती. कोडच्या बाजूने बघितलं तर ती काठावर असते. त्या माणसाच्या बाजूने बघितलं तर तीच मधोमध असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. हे जगणं त्यांनी निवडलंय. उघड्यावर राहणाऱ्याने पावसाची जोखीम घ्यायलाच हवी. फिरणाऱ्या प्रत्येक कळपासाठी सरकार शेड बांधणार का?

पण निवड म्हणजे काय? मीही पूररेषेच्या जवळच्या शहरात राहणं निवडलंय, कारण ठाण्यात घर परवडत नाही. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. पावसाळ्यात या मार्गाने निघायची जोखीम तुम्हीच घेतलीत, असं कुणी त्यांना म्हणालं नाही. म्हणायलाही नको होतं. शेजारचं उल्हासनगर तर उभंच राहिलं ते घर मागे सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत त्यांना ठेवलं, कॅम्पांना नंबर दिले आणि १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं. तिथे हाल कमी नव्हते, पण बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्यांना आधी छप्पर लागतं, हे याच नदीकाठच्या राज्यव्यवस्थेला तेव्हा कळत होतं. आपण जोखमीबद्दल ज्याला जाब विचारत नाही तो बहुधा आपल्यासारखा असतो, एवढंच.

शिवाय जोखीम वाढवली कुणी? पूर्वी खाचरात पाणी आलं तर वाडा वरकस जमिनीवर, टेकाडावर जायचा. त्या टेकाडांवर आता कंपाउंड आहे, गेट आहे, वॉचमन आहे. माझी बिल्डिंगही अशाच एका उंच जागेवर उभी आहे. हा गुन्हा नाही. पण उंच जागा घेणाऱ्याने खालच्याला 'सुरक्षित जागी जा' म्हणताना ती जागा कोणती हेही सांगायला हवं.

यात अशक्य काही नाही. थंडीत पाऊस येणार असेल तेव्हा दोन रात्रींसाठी बाजार समितीची शेड, बंद कारखान्याचा पत्रा, शाळेचं मैदान उघडता येतं. पंचनामा जनावर जिथे मेलं तिथे करता येतो, आधार कार्डावरच्या गावात नाही. तक्त्यात जायबंदी घोडीसाठी एक ओळ वाढवता येते. आणि मेसेजमध्ये 'गोठ्यात बांधा'च्या पुढे एक पत्ता टाकता येतो. ते एक वाक्य लिहायचं तर आधी ती जागा उघडावी लागेल, आणि म्हणूनच ते अजून लिहिलेलं नाही.

अवकाळी पाऊस पुन्हा येणार, हे सांगायला आता ज्योतिषी लागत नाही. अंदाज आणखी अचूक होत जातील, मेसेज आणखी लवकर येतील. एका खेपेत काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हा प्रश्न तरीही त्या माणसाला रात्रीच्या चिखलात एकट्यानेच सोडवावा लागणार असेल, तर आपण त्याला सावध केलं नाही. आपण फक्त आपली पोच घेतली.