संपादक-मंडळ : न्यायासन की भूषण?

१९५९ साली फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या दोन अहवालांनी अमेरिकेतील व्यवसायशिक्षणाच्या बौद्धिक दुबळेपणावर बोट ठेवले. त्यानंतर संशोधन हेच प्रतिष्ठेचे गमक ठरत गेले. २०१६ पासून ‘फायनान्शियल टाइम्स’ची क्रमवारी ५० नियतकालिकांतील लेखन मोजते, अशा नियतकालिकांच्या संपादक-मंडळांवरील आपले अध्यापक संस्था अभिमानाने मिरवतात. येथे प्रश्न नैतिक होतो. संपादकपद ही मुळात विश्वस्ताची जबाबदारी. ते संस्थेचे भूषण झाले, की प्रतिष्ठित संस्था परीक्षक पुरवतात आणि ते परीक्षक त्याच संस्थांची प्रतिष्ठा प्रमाणित करतात. अनामिक परीक्षणाने लेखकाचे नाव झाकले जाते; परीक्षकाची घडलेली अभिरुची झाकली जात नाही. म्हणून मंडळाची खरी कसोटी अपरिचित लेखकाला दिलेल्या सकारण नकारातच पाहावी लागते.