सांभाळावे, पण माझे म्हणू नये



हल्ली शहरोशहरी भूतदयेचे काम करणारी मंडळी टाकून दिलेली, गाडीखाली सापडलेली कुत्री उचलून आणतात आणि कायमचे घर मिळेपर्यंत कोणा गृहस्थाकडे सांभाळायला देतात. पिल्लाला घर लवकर मिळते; दहा वर्षांच्या म्हातारीला कोण विचारतो? एका वारकऱ्याने अशी म्हातारी कुत्री घरी आणली आणि मला विचारले, "महाराज, माझी जडभरताची गत तर व्हायची नाही ना?" प्रश्न शास्त्राला धरून आहे. त्याचाच विचार करू.

भागवताच्या पाचव्या स्कंधात भरतराजाची कथा आहे. राज्य टाकून तो नदीतीरी तप करीत होता. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीचे पाडस प्रवाहात पडले, ते त्याने काढले. पुढे पाडसापायी नेम सुटला, पूजा सुटली. अंतकाळी चित्तात हरिण, म्हणून पुढला जन्म हरिणाचा. आता सांगा, भरत चुकला कोठे? पाडस पाण्यातून काढले तेथे? छे! तो तर धर्मच. 'हे माझे' म्हणून देवाला विसरला, तेथे चुकला.

आता दुसरी बाजू पाहा. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रे खाली ठेव, तू वर ये. धर्मराजाने ऐकले नाही. आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको होता. त्या कुत्र्याचा त्याला काय उपयोग होता? काही नाही. ते कुत्रे म्हणजे साक्षात् धर्म, हे मागाहून कळले. आधी कळले असते तर परीक्षा कसली?

तात्पर्य, टाकणे हा दोष आणि 'माझे' म्हणून गुंतणे हाही दोष. मधली वाट एकच: ठेव म्हणून सांभाळावे. सावकाराची ठेव आपण जिवापाड जपतो, पण आपली म्हणत नाही.

आता ही ठेव जपायची कशी? येथे वारकऱ्याचा नेमच कामी येतो. नवे जनावर पहिले काही दिवस दाराआड बसेल, खाणार नाही, भांडे वाजले तरी दचकेल. त्याला एक कोपरा द्या, जुनी गोधडी द्या, पाणी ठेवा. पोरांचा गराडा नको, कुरवाळण्याची घाई नको. ती आपण होऊन जवळ येईल तेव्हा येईल. अन्नाची वेळ ठरलेली, फिरण्याची वेळ ठरलेली असावी. मुक्या जिवाला शब्द कळत नाहीत, नेम कळतो. विश्वास बसायला आठवडे लागतात, कधी महिनेही लागतात. म्हातारपणी ऐकू कमी येते, म्हणून झोपेत मागून हात लावू नका. दचकून चावेल, तो राग नव्हे. डोळ्यांना कमी दिसते, तर घरातले सामान सारखे हलवू नका. सांधे दुखतात, फरशीवर पाय घसरतो, गोणपाट अंथरा. दात नसतील तर घास मऊ करून द्या. कांदा आपण चातुर्मासात वर्ज्य करतो, कुत्र्याला तो बारा महिने वर्ज्य, द्राक्षे-मनुकाही विषासमान. माणसाची वेदनेची गोळी मनाने देऊ नका. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, रेबीजची लस टोचून घ्या. दया आंधळी नसावी.

आणखी एक. घरी आणण्याआधी मनाशी हिशेब करा. औषधाचा खर्च आहे, रात्रीची जागरणे आहेत. झेपत नसेल तर दारातच नम्रपणे नाही म्हणावे, त्यात पाप नाही. पण घरात घेऊन, ओळख पटल्यावर रस्त्यावर सोडणे? एकदा टाकलेल्या जिवाला पुन्हा टाकण्यासारखी निष्ठुरता नाही. पाळलेले जनावर उपाशीतापाशी सोडून देणे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. संतांच्या दरबारी तर तो फार पूर्वीपासूनचा आहे.

मग चांगले घर मिळाले की डोळे पुसून द्यावी. तिचा नेम नव्या घरी नीट समजावून सांगावा आणि आपल्या नेमाला लागावे. घर मिळालेच नाही तर तुमच्या ओसरीवरच तिचा शेवट गोड करावा. भरताला जे साधले नाही ते येथे साधते. प्रेम पुरे करायचे आणि हक्क काडीचा सांगायचा नाही.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडे खाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ. ते कुत्रे कोणाचे, हे त्यांनी विचारले नाही.

रामकृष्णहरि.