आठ पदरी वारा

जालन्याचे गुरु गणेश भवन हे स्थानकवासी जैनांचे तीर्थस्थान. कर्नाटक केसरी गणेशलालजी महाराजांच्या स्मरणार्थ ते उभे राहिले. स्थानकवासी साधुसाध्वी प्रवचनाला बसतात तेव्हा त्यांच्या तोंडावर पांढरी मुहपत्ती असते: सुती, आठ पदरी, दोऱ्याने कानांना अडकवलेली.

जैन आगमांच्या लेखी वारा म्हणजे वायुकाय, फक्त स्पर्श जाणणाऱ्या एकेंद्रिय जीवांचा समूह. त्या आगमांपैकी आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात पृथ्वी, पाणी, अग्नी, वनस्पती यांच्याबरोबर वायूचीही हिंसा टाळायला सांगितले आहे. पण कापड तर सच्छिद्र. त्यातून हवा जातेच, आणि नाक उघडे असते ते निराळेच. मग ही पट्टी वाचवते तरी कुणाला?

उत्तरासाठी आधी कापडातून हवा कशी जाते ते पाहू. फ्रान्समधल्या दीजाँ शहराला पाणी आणून देणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्याने वाळूतून पाणी कसे झिरपते ते मोजून 1856 मध्ये प्रसिद्ध केले. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट, थर दुप्पट जाड केला की प्रवाह निम्मा. कापडातून संथ जाणारी हवाही साधारण याच हिशेबाने वागते. आठ पदर एका पदराच्या आठपट अडवतील, पण हवा पुरती कधीच थांबणार नाही.

फरक पडतो तो वेगात. बोलताना ओठांच्या दोन चौरस सेंटिमीटर फटीतून सुटलेला झोत साठ चौरस सेंटिमीटर कापडभर पसरला, तर तेवढीच हवा तिसाव्या हिश्शाच्या वेगाने बाहेर पडेल. प्रत्यक्षात बरीचशी कडांनी निसटते, सोपी वाट सापडली की हवा तिकडेच वळते. तरी समोरचा झोत मोडतो तो मोडतोच.

भगवती सूत्रातला एक प्रश्न इथे आठवतो. देवांचा राजा शक्रेंद्र याचे बोलणे सावद्य (सदोष) की निरवद्य (निर्दोष)? उत्तर असे, की तोंड झाकून बोलला तर निरवद्य, उघड्या तोंडाने बोलला तर सावद्य. श्वास रोखण्याची अट त्यात नाही. ती असती तर अहिंसा पाळायला साधूच उरला नसता. मागितली आहे ती यतना, म्हणजे आपल्याकडून होणारा आघात जपून कमी करणे. दार्सीचा हिशेब आणि आगमातली ही अपेक्षा निदान या एका जागी एकमेकांपासून फार लांब नाहीत.

वाऱ्याकडे पाहण्याची दुसरी रीतही जालन्याजवळच सापडते. जालना जिल्ह्यातल्याच जांब गावी 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या सोळाव्या दशकात एक अख्खा समास वायूच्या स्तवनाला दिला. तिथला वारा सर्वांना चालवणारा. त्याला माणसाने जपावे ही कल्पनाच तिथे नाही. मुहपत्तीमागे मात्र नेमकी तीच कल्पना आहे, म्हणून करोनाकाळात तिला ‘आद्य मास्क’ म्हणण्याची टूम निघाली तीही फसवी. मास्कला माणसे वाचवायची होती, मुहपत्तीला वारा वाचवायचा असतो.

खुद्द जैनांमध्येही यावर एकमत नाही. मूर्तिपूजक पंथाचे साधू मुहपत्ती बांधत नाहीत, हातात धरून बोलताना तोंडापुढे आणतात. सतत बांधलेले कापड थुंकीने ओलावते आणि त्या ओलाव्यात नवे सूक्ष्म जीव उपजतात, हा त्यांचा जुना आक्षेप. ओल्या कापडाची छिद्रे पाण्याने भरतात, हेही खरेच. मग आरपार जाणारी वाट आणखी बिकट होते आणि श्वास कडांकडूनच बाहेर पडू लागतो.